किल्ली, ब्लेड आणि एक धून

(दृश्य : पियानोच्या तारा, अगदी जवळून)

जुन्या पियानोच्या या खर्जाच्या तारा. जाड, तांबं गुंडाळलेल्या. आणि त्यांच्यावरून खरखरत जाणारी ही घराच्या दाराची साधी किल्ली. १९६३ साली लंडनमध्ये ब्रायन हॉजसन यांनी आईच्या घराची किल्ली अशीच तारांवरून ओढली. आवाज टेपवर घेतला, उलटा फिरवला, त्याला घुमारा दिला. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतली ती निळी पेटी काळाच्या प्रवासाला निघते, तेव्हा घरघरते ती हीच किल्ली.

(दृश्य : टेप, फूटपट्टी, ब्लेड)

आता ही टेप बघा. मशीनवर ती सेकंदाला १५ इंच पळते. म्हणजे अर्ध्या सेकंदाचा सूर भरतो साडेसात इंच. मालिकेची शीर्षकधून अशी मोजून कापलेली आहे. कापणाऱ्या होत्या डेलिया डर्बिशायर, वय २६, केंब्रिजला गणित आणि संगीत शिकलेल्या. जागा, लंडनच्या मेडा व्हेल भागातलं बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे कार्यक्रमांसाठी नवनवे आवाज घडवणारा विभाग. सिंथेसायझर अजून बाजारात यायचा होता.

संगीतकार रॉन ग्रेनर यांनी हातात दिला होता स्वरलिपीचा जेमतेम एक कागद. त्यावर सुरांसोबत शब्द : वाऱ्याचे बुडबुडे, ढग. हे वाजवायचं कशावर?

डेलियाबाईंनी एक तार छेडली, ती टेपवर घेतली आणि टेपचा वेग कमीजास्त करून तिच्यातूनच खर्जाचे वेगवेगळे सूर काढले. वरची धून आली यंत्रं तपासायच्या ऑसिलेटरमधून, म्हणजे विजेवर एकसारखा सूर काढणाऱ्या उपकरणातून. वारा म्हणजे गाळून घेतलेली नुसती खरखर. मग प्रत्येक सूर ब्लेडने वेगळा कापायचा आणि चिकटपट्टीने पुढच्याला जोडायचा.

(दृश्य : जमिनीवर उलगडलेल्या टेप)

बहुपदरी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. खर्ज एका टेपवर, धून दुसरीवर, आणि सगळी मशीन एकाच क्षणी सुरू करायची. एकदा काही केल्या जुळेना. कुठेतरी एक सूर चुकलेला. सहकारी डिक मिल्स यांच्यासोबत त्यांनी टेप लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी पसरल्या आणि कुठला जोड पुढेमागे झालाय ते डोळ्यांनी शोधलं. कानांचं काम डोळ्यांनी!

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा.

ग्रेनर यांना मानधनाचा वाटा डेलियाबाईंना द्यायचा होता. नियमात बसलं नाही. पडद्यावर नाव ग्रेनर यांचं आणि वर्कशॉपचं. डेलियाबाईंचं नाव मालिकेत झळकलं २०१३ साली. त्या २००१ मध्येच गेल्या होत्या. त्यांच्या घराच्या माळ्यावर २६७ टेप निघाल्या.

(दृश्य : फिरती रीळ)

धून पुन्हा लावतोय. जोड कुठे ऐकू येतो का, बघा.