शुल्क शून्य, तरी फाटक बंद

मुक्त व्यापार करार म्हटला की पहिला प्रश्न येतो, फायदा कोणाचा झाला? मांसाच्या व्यापारात मी आधी वेगळंच विचारतो : जनावराचा कुठला भाग कोण खातं?

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांचा नाफ्टा करार १ जानेवारी १९९४ला लागू झाला. २०२०मध्ये त्याच्या जागी नवा करार आला, पण मांसाच्या बाबतीत पाया तोच राहिला. अमेरिकन माणसाला कोंबडीची छाती हवी असते, तंगडीचं त्याला फारसं कौतुक नाही. डुकराच्या मांड्याही तिथे खपून उरतात. मेक्सिकोत नेमकं याच मालाला गिऱ्हाईक आहे. हाडासकट मांड्या थंड ट्रकांतून दक्षिणेला जातात, तिथल्या कारखान्यात स्वस्त मजुरीत हाड निघतं आणि हॅम तयार होतो. गाईची जीभ टाकोत जाते, वजडी मेनुदो नावाच्या रश्शात. इकडे ज्याला भाव नाही त्याला तिकडे भाव, असा हा धंदा आहे.

ओरड अर्थातच झाली. इतक्या स्वस्त तंगड्यांपुढे आपला टिकाव कसा लागणार, असं मेक्सिकोचे कुक्कुटपालक म्हणू लागले. मग २००३मध्ये त्या तंगड्यांवर ठरावीक कोट्याच्या वर ९८.८ टक्के शुल्क बसलं आणि टप्प्याटप्प्यानं उतरत २००८मध्ये संपलं. कॅनडानं तर आपला कोंबडीबाजार मुळात फारसा उघडलाच नाही. कराराच्या नावात 'मुक्त' असलं तरी प्रत्येकानं आपापली कोंबडी जपलीच.

आता उलट दिशेचा माल बघा, तो चार पायांवर चालत जातो. सोनोरा, चिवावा ही मेक्सिकोची उत्तरेकडची कोरडी राज्यं. तिथे वासरं जन्मतात, पण त्यांना पोसून वजनावर आणायला लागणारा मका अमेरिकेत मुबलक. म्हणून चांगल्या वर्षी दहा लाखांहून जास्त वासरं सीमा ओलांडून टेक्सास आणि आसपासच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावरं खुराक देऊन पोसायच्या गोठ्यांत, जायची.

नोव्हेंबर २०२४मध्ये हे सगळं एका माशीनं अडवलं. ग्वाटेमालाच्या सीमेजवळ, चियापासमध्ये एका गाईच्या जखमेत स्क्रूवर्म नावाच्या या माशीच्या अळ्या सापडल्या. आपल्याकडे जनावराच्या जखमेत आसडी पडते तसाच प्रकार, पण हिची अळी जिवंत मांस कुरतडत आत शिरते. अमेरिकेनं तात्काळ मेक्सिकन वासरं बंद केली. फेब्रुवारीत सुरू केली, मे २०२५मध्ये पुन्हा थांबवली. जुलैत ॲरिझोनातल्या डग्लसचं फाटक उघडलं आणि दोन दिवसांत परत लावलं. फाटक बंद असताना शुल्क मात्र शून्यच होतं! आपलं पशुधन जपायचा हक्क, शास्त्रीय आधार असेल तर, करारानंच प्रत्येकाला दिलेला आहे. युरोपला द्राक्षं पाठवणाऱ्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. फवारणीच्या औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला की कंटेनर अडतो.

या माशीवरचा इलाजही मोठा अफलातून आहे. मादी आयुष्यात बहुधा एकदाच मीलन करते. म्हणून किरणोत्सर्गानं वंध्य केलेल्या माश्या विमानातून सोडायच्या. वंध्य नराशी गाठ पडली की अंडी फुकट. याच युक्तीनं अमेरिकेनं आणि पुढे मेक्सिकोनं ही माशी हटवली आणि पनामापर्यंत मागे रेटली होती. तिथला माश्यांचा कारखाना अमेरिका आणि पनामा मिळून चालवतात.

बंदीचा चटका एकाच बाजूला बसला असं नाही. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेतली गुरांची संख्या १९५१नंतरची सर्वांत कमी होती, त्यात ही वासरं थांबली. टेक्सासचे फीडलॉट रिकामे पडू लागले आणि बीफ महागलं. चिवावाच्या पशुपालकाला तीच वासरं देशातच, पडत्या भावात विकावी लागली.