डंकनच्या खोलीत कोण जातं?

[दृश्य: लंडन, थेम्सचा दक्षिण काठ. ग्लोब थिएटरची आजची प्रतिकृती. भर दुपार, वर उघडं आभाळ.]

रंगमंचावर एक बाई एकटी उभी आहे. नाटक शेक्सपियरचं 'मॅकबेथ'. त्यात मध्यरात्र आहे, पण प्रेक्षकांच्या डोक्यावर ऊन आहे. शेक्सपियरच्या काळात ग्लोबमधले खेळ दुपारी व्हायचे. दिवे मालवून अंधार करायची सोयच नव्हती, त्यामुळे रात्र आणायची ती शब्दांनी. आणि ही बाईसुद्धा तेव्हा बाई नसायची. त्या काळी इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बायका काम करत नसत. लेडी मॅकबेथ व्हायचा तो कोवळ्या आवाजाचा एखादा मुलगा.

आत, दाराच्या पलीकडे, तिचा नवरा, सरदार मॅकबेथ, स्कॉटलंडच्या राजाचा खून करतोय. राजा डंकन त्यांच्याच घरी पाहुणा म्हणून आलाय, जेवूनखाऊन झोपलाय. पहारेकऱ्यांना तिने दारू पाजून आडवं केलंय. आळ त्यांच्यावरच यावा म्हणून त्यांचेच खंजीर काढून ठेवलेत, नवऱ्याला ते दिसणार नाहीत असं होणं शक्य नाही. आणि मग ती एक वाक्य बोलून जाते: झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच उरकलं असतं.

तेवढ्यात नवरा येतो. हातात खंजीर, हात रक्ताने माखलेले. पुढचं बोलणं बघा कसं तुटक आहे. काम झालं. आवाज ऐकलास का? घुबड ओरडलं, रातकिडे ओरडले. तू काही बोललास का? कधी? आत्ता. मी उतरत होतो तेव्हा?

इतकं मोठं पाप, आणि नवरा-बायको बोलतायत ते आवाज कोणी केला यावर.

खून आपल्याला दिसत नाही. हे नाटक पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येकासमोर पहिली अडचण हीच उभी राहते. रंगमंचावर दाराआड जाता येत नाही, कॅमेऱ्याला मात्र कुठेही जाता येतं. मग जायचं की नाही?

[दृश्य: १६२३ च्या फोलिओचं, म्हणजे शेक्सपियरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीचं पान, दुसरा अंक.]

शेक्सपियरला रक्ताचं वावडं होतं म्हणून त्याने खून आत नेला, असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. संस्कृत नाट्यपरंपरेत रंगमंचावर मृत्यू दाखवणं निषिद्ध मानलेलं. ग्रीक शोकांतिकेतही बहुतेक वेळा दूत येऊन मरणाची बातमी सांगायचा. शेक्सपियरला असला कुठलाही नियम नव्हता. 'किंग लिअर'मध्ये तो ग्लॉस्टरचे डोळे सगळ्यांसमोर फोडायला लावतो. ज्युलियस सीझर भर सभेत मरतो. याच 'मॅकबेथ'मध्ये मॅकबेथचा सोबती सरदार बँको याचा खून आपल्यासमोर होतो, मॅकडफ या दुसऱ्या सरदाराच्या लहान मुलालाही आईदेखत भोसकतात. डंकन मात्र दाराआड जातो.

मूळ गोष्ट त्याने होलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून घेतली. तिथला डंकनचा खून अगदी कोरडा आहे. मॅकबेथ आपल्या साथीदारांना घेऊन राजाला मारतो, आणि त्या साथीदारांत बँकोही असतो. घरी झोपलेल्या राजाला यजमानाने मारणं आणि त्यामागे बायकोची फूस असणं, हा भाग त्याच बखरीतल्या दुसऱ्याच एका राजाचा, डफचा. शेक्सपियरने दोन्ही खून एकत्र केले आणि बँकोला त्यातून अलगद बाहेर काढलं, कारण तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजायचा. दरबारी नाटककाराला एवढं भान ठेवावंच लागतं. खरा डंकन १०४० मध्ये लढाईत पडला आणि खऱ्या मॅकबेथने नंतर १७ वर्षं राज्य केलं, पण ती हकिगत नाटकाच्या काही उपयोगाची नव्हती.

बखरीतून त्याने उचललं ते एक लग्न. माझ्या मते दाराचं उत्तर इथे आहे. आपण बाहेर थांबतो म्हणजे बायकोबरोबर थांबतो. ती कान देते, आपणही देतो. हे लवकर उरकावं असं तिला वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी आपल्यालाही तेच वाटत असतं.

सायमन फोरमन नावाच्या एका वैद्य-ज्योतिष्याने १६११ मध्ये ग्लोबमध्ये हा खेळ पाहिला आणि घरी येऊन टिपण लिहिलं. त्यात राजाच्या खुनानंतरचं त्याला काय आठवतं? मॅकबेथच्या हाताचं रक्त काही केल्या धुतलं जाईना, आणि खंजीर लपवणाऱ्या बायकोच्याही हाताचं निघेना. खून त्याला दिसला नव्हता, पण हात पक्के लक्षात राहिले.

[दृश्य: पडद्यावर धुकं. बासरीचा एकच लांब स्वर.]

जपान, १९५७. अकिरा कुरोसावा. इंग्रजीत 'थ्रोन ऑफ ब्लड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या चित्रपटात शेक्सपियरची एक ओळही नाही. गोष्ट सामुराईंच्या यादवीतली. मॅकबेथचा झालाय वाशिझू, म्हणजे तोशिरो मिफुने. लेडी मॅकबेथची झालीये असाजी, म्हणजे इसुझु यामादा. कुरोसावाने अभिनयाची रीत घेतली ती 'नो' या जुन्या जपानी नाट्यप्रकारातून. असाजीचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर राहतो, पापणीसुद्धा जपून हलते.

खुनाआधी ती पहारेकऱ्यांसाठी दारू आणायला उठते. मागच्या खोलीच्या काळ्याकुट्ट अंधारात चालत जाते आणि पार दिसेनाशी होते. ऐकू येते ती फक्त तिच्या रेशमी किमोनोची सळसळ. मग त्याच अंधारातून ती दारूचं भांडं घेऊन तशीच बाहेर येते. बस, एवढंच. भुताखेताच्या कित्येक चित्रपटांत इतकी भीती वाटत नाही.

वाशिझू भाला घेऊन जातो. कॅमेरा त्याच्या मागे जात नाही. तो असाजीपाशी बसून राहतो. ही खोली कुठली? पूर्वी एका फितुराने जिथे आत्महत्या केली, ती. भिंतीवरचा रक्ताचा डाग अजून निघालेला नाही. असाजी त्या डागाकडे बघते, उठते, आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली ही बाई खोलीत थरथरत फिरू लागते. चालणं आणि नाच यांच्या मधलं काहीतरी. शब्द एकही नाही.

वाशिझू परत येतो तो सुन्न होऊन, भाल्यावर मूठ आवळलेली. ती सुटत नाही. असाजी भाला त्याच्या हातातून अक्षरशः ओढून काढते, निजलेल्या पहारेकऱ्याच्या हातात देऊन येते आणि हात धुते. नाटकाशी शब्दांचं नातं तोडलेल्या या माणसाने दार मात्र जसंच्या तसं ठेवलं. पडद्यावरच्या सगळ्या मॅकबेथमध्ये मला हाच मूळ नाटकाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

कुरोसावाच्या आधी ऑर्सन वेल्सचा १९४८ चा चित्रपट येऊन गेला होता. काऊबॉयपट काढणाऱ्या रिपब्लिक स्टुडिओत, फुटकळ पैशांत, अवघ्या ३ आठवड्यांच्या आसपास उरकलेला. सेटवरच्या गुहा खोट्या आहेत हे कळतं. पण खुनाच्या रात्रीचा मोठा भाग वेल्सने एकाच लांबलचक शॉटमध्ये, न कापता घेतला. नाटकवाला होता. श्वास कुठे तोडायचा नाही हे त्याला माहीत होतं.

[दृश्य: ब्रिटनच्या वेल्स प्रांतातले डोंगर. पाऊस, चिखल, घोडे.]

आणि मग १९७१. रोमान पोलान्स्की थेट आत जातो.

हा चित्रपट बघताना एक गोष्ट डोक्यातून काढता येत नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये पोलान्स्कीची गरोदर बायको शॅरन टेट हिचा, तिच्याच घरी, चार्ल्स मॅन्सन या माथेफिरू पंथप्रमुखाच्या टोळीने खून केला. त्यानंतरचा त्याचा हा पहिला चित्रपट. पटकथेत साथ होती नाट्यसमीक्षक केनेथ टायननची, पैसे होते 'प्लेबॉय'वाल्या ह्यू हेफ्नरचे. त्यामुळे प्रदर्शनाआधीच लोकांनी नाकं मुरडली होती.

पोलान्स्कीचे नवरा-बायको तरणेताठे आहेत, जॉन फिंच आणि फ्रान्सेस्का अ‍ॅनिस. राक्षसी असं काही त्यांच्यात नाही, दिसायला देखणं जोडपं. मॅकबेथ खोलीत शिरतो, झोपलेल्या म्हाताऱ्यावर वाकतो, आणि कचरतो. आता हा परत फिरणार, असं वाटतं. तेवढ्यात डंकन डोळे उघडतो. समोर कोण आहे ते ओळखतो. आता परतीची वाटच उरली नाही. मॅकबेथ त्याचं तोंड दाबून वार करतो, आणि मुकुट जमिनीवर घरंगळत जातो.

ही जाग शेक्सपियरची नाही, पण सुचली मात्र जबरदस्त. नाटकातला मॅकबेथ आत काय करून आला ते आपण त्याच्या तोंडून ऐकतो. इथे शेवटचा धक्का देते ती ओळखले जाण्याची भीती. मात्र याची किंमत मोजावी लागते. आपण डंकनच्या बिछान्यापाशी असतो तेव्हा बायको बाहेर एकटी पडते. नवरा बाहेर येऊन आवाज ऐकलास का विचारतो, तेव्हा आपल्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत असतं. दोघांचं मिळून केलेलं पाप त्याचं एकट्याचं होतं.

जस्टिन कर्झेलच्या २०१५ च्या चित्रपटात हेच आणखी पुढे जातं. मायकल फासबेंडर वार करतच राहतो, आणि राजपुत्र मॅल्कम येऊन प्रेताशेजारी बसलेल्या मॅकबेथला बघतो. आता पहारेकऱ्यांवर आळ घालण्यात हशील काय? दृश्य परिणामकारक आहे, कथेला मात्र भोक पडतं.

जोएल कोएनने २०२१ मध्ये सगळं स्टुडिओत उभारलं. कृष्णधवल चित्रण, जवळपास चौकोनी चौकट, मोकळ्या भिंती आणि लांब सावल्या. डेन्झेल वॉशिंग्टन आणि फ्रान्सिस मॅकडॉर्मंड दोघंही साठीपलीकडचे, म्हणजे राज्य मिळवायची ही शेवटचीच संधी. मॅकबेथला हवेत दिसणारा तो प्रसिद्ध खंजीर इथे लांब बोळाच्या टोकाला चमकतो, आणि जवळ गेल्यावर कळतं, ती दाराची मूठ आहे. कोएनला दाराचं महत्त्व पुरेपूर कळलं होतं. तरी तोही दार उघडून आत गेलाच. मला वाटतं, मुठीपाशी थांबला असता तर बरं झालं असतं.

[दृश्य: मुंबई. रात्र. मुसळधार पाऊस.]

मराठी रंगभूमीची 'मॅकबेथ'शी ओळख जुनी आहे. शिवराम महादेव परांजप्यांनी 'मानाजीराव' लिहिलं, शिरवाडकरांनी 'राजमुकुट', आणि त्यात दुर्गा खोटे यांनी काम केलं. पण मुंबईच्या मातीत हे नाटक सर्वांत खोल रुजवलं ते विशाल भारद्वाजच्या 'मकबूल'ने, २००३ मध्ये. मॅकबेथला राजपदाचं भाकीत सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन इन्स्पेक्टर, ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. राजाच्या जागी टोळीचा म्हातारा म्होरक्या, पंकज कपूरचा अब्बाजी. मकबूल, म्हणजे इरफान, त्याने मुलासारखा वाढवलेला. आणि तब्बूची निम्मी ही मकबूलची बायको नव्हेच. ती अब्बाजीची ठेवलेली बाई.

या एका बदलाने दाराचा प्रश्नच उलटा होतो. लेडी मॅकबेथला बाहेर थांबावं लागतं. निम्मी आतच आहे. जिथे खून व्हायचाय त्याच बिछान्यात, अब्बाजीच्या शेजारी ती पडलेली असते. मकबूल गोळी घालतो, रक्त उडतं ते तिच्या अंगावर. कॅमेरा आत आहे, आणि तरी आपण तिच्याचबरोबर आहोत. पोलान्स्कीला आत गेल्यावर बायको गमवावी लागली, भारद्वाजला नाही. झोपलेल्या राजात वडील दिसल्याने लेडी मॅकबेथचा हात अडला होता. इथे मकबूल मारतो तो बापाच्याच जागी असलेल्या माणसाला, आणि त्याला तिथवर आणते ती त्या म्हाताऱ्याच्या मिठीतून सुटू बघणारी बाई.

[दृश्य: हात. पाणी नसलेलं भांडं.]

नाटकातही ती खोली कायमची बंद राहत नाही. पाचव्या अंकात लेडी मॅकबेथ झोपेत चालते, हात चोळते आणि बडबडते: म्हाताऱ्याच्या अंगात इतकं रक्त असेल असं कुणाला वाटलं होतं? खंजीर परत ठेवायला ती आत गेली होती, तेव्हा तिने काय पाहिलं, ते आपल्याला इतक्या उशिरा कळतं. तोवर ऐटीत पद्यात बोलणारी ही राणी इथे गद्यात बोलते, तुटक आणि विस्कळीत. ज्या दिग्दर्शकांनी खून आधीच दाखवून टाकला, त्यांच्या चित्रपटात हे वाक्य नुसती आठवण होऊन बसतं. आपण सगळं पाहिलेलं असतं, ती फक्त पुन्हा सांगते.

असाजी रिकाम्या भांड्यात हात धूत बसते, आणि तिचं भय आपल्याला नवं असतं. निम्मीने मात्र त्या रात्री काय पाहिलं हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. म्हणून भारद्वाज तिला रक्ताचा हिशोब विचारायला लावत नाही. तिच्या तोंडी वेगळाच प्रश्न येतो: आपलं प्रेम तरी निर्मळ होतं ना? हे लेडी मॅकबेथने कधीच विचारलं नव्हतं. पाचव्या अंकात तिच्यापाशी नवरा नसतोच, असतात ते एक डॉक्टर आणि एक दासी. निम्मीपाशी मकबूल बसलेला आहे, आणि उत्तर त्याला द्यायचंय.