धुऱ्यापलीकडची फरदड

नमस्कार शेतकरी बंधू-भगिनींनो. डिसेंबर सरत आला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची, की पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा बोंडं, घ्यायची, हा विचार घरोघरी सुरू होतो. शेवटच्या दोन वेच्यांचा पैसा सोडवत नाही, हे मी जाणतो. पण शेंद्री, म्हणजे गुलाबी, बोंडअळी जवळजवळ कपाशीवरच जगते. बोंडं मिळत राहिली की तिची पिढी पुढे सरकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यानं आणि साऱ्या विदर्भानं ते सोसलं.

वर्धा जिल्ह्यातले एक काका आहेत. त्या हंगामानंतर त्यांनी डिसेंबरातच हिरवी पऱ्हाटी उपटली. धुऱ्यापलीकडचा, म्हणजे बांधापलीकडचा, चुलतभाऊ म्हणाला, "दादा, कायले उपटता? दोन वेच्या तरी होऊ द्या." काका म्हणाले, "मह्या वावरातली अळी तुह्याकडं येते, अन् तुही मह्याकडं." त्यानं ऐकलं नाही, फरदड ठेवली. पुढच्या हंगामात काकांनी एकरी दोन कामगंध सापळे लावले, मादीच्या वासानं या अळीचे नर पतंग ओढून पकडणारे. धुऱ्याकडच्या सापळ्यात पतंग गच्च, पलीकडच्या टोकाला मोजके. काका भांडले नाहीत. सापळ्याची पिशवी सोडली, भावाच्या ओट्यावर नेऊन रिकामी केली आणि म्हणाले, "मोज." भाऊ मोजत बसला. वहिनी दारातून म्हणाली, "मी तं डोमकळ्या पाहून कव्हाच सांगतलं होतं." त्या डिसेंबरात भावानं पऱ्हाटी उपटली. मग दोघं मिळून तिसऱ्या घरी गेले. नाल्याकडचं एक वावर अजून ऐकत नाही, तिथं त्यांचं जाणं चालूच आहे.

त्या वहिनींवरून सांगतो. डोमकळी, म्हणजे न उमललेलं, गुलाबासारखं मिटलेलं फूल, आधी दिसतं ते निंदणाऱ्या बायांना. आणि शेतीशाळेच्या सतरंजीवर बसतात पुरुष! बायांना पुढच्या रांगेत बसवा, माझं ठाम मत आहे.

तर पुन्हा सांगतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री आठ किंवा जास्त पतंग आले, तर फवारणीचा निर्णय घ्या. डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा. आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी वावराबाहेर, डिसेंबरअखेर! बीटी बियाणं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, बीजी-२ या दोन बीटी जनुकांच्या बियाण्यालाही ही अळी आता जुमानत नाही.

उपटलेली पऱ्हाटी सरपणासाठी घरामागे रचली असेल, तर पावसाआधी जाळून संपवा. किडक्या बोंडांत सुप्त अळी असते, आणि पावसाळ्यात तिचे पतंग थेट नव्या कपाशीवर जातात.