एक लाख पाकिटं, मग ते दुर्मीळ कसलं?

हे पाकीट जरा कॅमेऱ्याजवळ धरतो. तीन निळी तिकिटं आहेत, प्रत्येकी २५ सेंटचं. तिकिटावरचं विमान आहे ‘चायना क्लिपर’. ही एक फ्लाइंग बोट, म्हणजे बोटीसारख्या पोटाचं, थेट पाण्यावर उतरणारं विमान. पॅन अमेरिकन या अमेरिकी विमान कंपनीचं हे क्लिपर प्रशांत महासागरापलीकडे टपाल नेणाऱ्या पहिल्या फेरीवर २२ नोव्हेंबर १९३५ ला सॅन फ्रान्सिस्को उपसागरातून उडालं. होनोलुलू, मिडवे, वेक, ग्वाम असे मुक्काम करत २९ तारखेला ते मनिलाला पोचलं.

आता तिकिटं तीनच का? हवाईपर्यंत २५ सेंट, ग्वामपर्यंत ५०, मनिलापर्यंत ७५. त्यामुळे पत्ता वाचायच्या आधी तिकिटं मोजली तरी पत्र कुठे उतरणार होतं ते कळतं. मला तर या छंदातली हीच गंमत सगळ्यात जास्त आवडते!

तिकीटही नीट बघा. त्यावर ‘नोव्हेंबर १९३५’ छापलंय. १९३७ मध्ये दर उतरले आणि याच चित्राची २० आणि ५० सेंटची तिकिटं आली, पण त्यांच्यावर ही तारीख नाही.

आता थोडा हिरमोड करतो. त्या पहिल्या फेरीत एक लाख दहा हजारांहून जास्त टपाल होतं. त्यातलं कितीतरी संग्राहकांनीच स्वतःच्या नावाने पाठवलेलं, आणि ते जपलंही गेलं. म्हणून विक्रेता ‘पहिलं उड्डाण, दुर्मीळ’ म्हणाला की लगेच खिशात हात घालू नका. पाकीट उलटवा. मागे मनिलाचा पोचशिक्का आहे का? तारीख जुळते का? माझं मत विचाराल तर एखाद्या पेढीने महिन्या-दोन महिन्यांनी कामासाठी पाठवलेलं साधं पत्र मी आधी उचलेन. ते जपून ठेवावं असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

परतीचं टपालही बघण्यासारखं आहे. त्यासाठी फिलिपिन्सने आपल्या जुन्या तिकिटांवर पहिल्या उड्डाणाचा सोनेरी मजकूर छापला, डिसेंबर १९३५ या तारखेसह.

अपघातातून वाचलेल्या पाकिटांना ‘क्रॅश कव्हर’ म्हणतात. समुद्रात भिजल्यावर डिंक सुटतो आणि तिकीट वाहून जातं. ती रिकामी जागा हाच पुरावा, तिथे नवं तिकीट डकवू नका. सगळ्याच अपघातांत टपाल सापडतं असंही नाही. जुलै १९३८ मध्ये ‘हवाई क्लिपर’ ग्वाम ते मनिला वाटेत १५ जणांसह नाहीसं झालं. त्याचा मागमूसही लागला नाही.

जपायचं कसं? पीव्हीसीचं प्लास्टिक नको, चिकटपट्टी तर अजिबात नको. आणि कृपा करून तिकीट सोलून काढू नका. पाकिटापासून सुटलं की त्या तिकिटाने कुठून कुठे प्रवास केला, हे सांगणारं काहीच उरत नाही.

चला, आता हे दुसरं पाकीट. मागे दोन शिक्के आहेत आणि दोघांच्या तारखा जुळत नाहीत. का, ते कमेंटमध्ये लिहा. एवढंच सांगतो, मिडवे आणि वेक यांच्यामधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते.