युरियाच्या गोणीतला वायू

मित्रहो, नैसर्गिक वायू म्हटलं की आपल्याला मुंबई हायचा समुद्र आठवतो, नाहीतर सीएनजी पंपावरची रिक्षांची रांग. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला वाटतं, आपला याच्याशी काय संबंध? पण केळीला आणि कपाशीला आपण देतो तो युरिया या वायूपासूनच बनतो. वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया करायचा, अमोनियाचा युरिया. वायूच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांत आपले खत कारखाने आहेत.

आता हा वायू येतो कुठून? देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. उणे १६२ अंशांना गार करून त्याचा द्रव केला, की तो सुमारे सहाशेपट कमी जागेत मावतो. मग जहाजाने दहेजला, हजिऱ्याला. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि या द्रव वायूचे भाव कडाडले. वायूवर चालणारी आपली अनेक वीजकेंद्रं परवडणाऱ्या वायूअभावी वर्षानुवर्षं जवळजवळ बंदच आहेत. एकूण ऊर्जेत वायूचा वाटा २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. आज तो त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतो आहे.

तरीही वायू नको, असं मी म्हणणार नाही. आपल्या भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात कोळसा जळतो. तेवढीच वीज वायूवर केली, तर कार्बन डायऑक्साइड साधारण निम्मा निघतो. शिवाय साक्रीचं सौरऊर्जा केंद्र सूर्य मावळला की थांबतं, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या वारा पडला की थांबतात. अशा वेळी वायूचं टर्बाइन काही मिनिटांत सुरू होतं, कोळशाच्या थंड संचाला तास लागतात. मात्र नळाची गळती झाली, तर हा हिशोब बिघडतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता हवेत गेलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट उष्णता धरून ठेवतो.

म्हणून माझा आग्रह आपल्या मातीतल्या मिथेनचा आहे. गोबरगॅसमधला जळणारा भाग तोच आहे; त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि गंधक असलेला वायू काढून तो दाबाखाली भरला, की सीएनजीच्या गाडीत चालतो. घड कापल्यावर केळीचं खोड बांधावर पडतं. काही शेतकरी ते रानातच कुजवतात, ते चांगलंच. पण बरंचसं नुसतं सडतं. ओलं खोड जंतूंना लवकर पचतं, शेणाबरोबर तर चांगलंच. कपाशीच्या पऱ्हाट्यांचं तसं नाही. त्या लाकडासारख्या कठीण, टाकीत पचत नाहीत. त्यांच्या कांड्या करून बॉयलरमध्ये जाळणं बरं.

अडचण वाहतुकीची आहे. खोडात बहुतेक पाणीच, म्हणजे ट्रॅक्टरभर पाणी कोसभर ओढायचं. मोठा प्रकल्प लांब एमआयडीसीत नेऊन उभारला, तर तो डिझेलच पिऊन टाकेल. केळीपट्ट्यातच, चार-पाच गावांना एक, असे मध्यम प्रकल्प हवेत आणि उरलेली स्लरी, म्हणजे वायू निघून गेल्यावरचा पातळ काला, त्याच शेतांत परत आली पाहिजे. तिच्यात नत्र असतं, त्यामुळे युरियाच्या काही गोण्या वाचतील. शहरी वायू कंपन्यांना असा जैववायू मिसळणं २०२५-२६ पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक करायचं सरकारने ठरवलं आहे. गिऱ्हाईक त्यामुळे मिळेल. खोडाला भाव किती आणि तो कोण ठरवणार, हे मात्र बागायतदारांनी प्रकल्पाची पहिली वीट बसण्याआधीच लिहून घ्यावं.