युनिकॉर्नचा पाठलाग

न्यूयॉर्कमधील क्लॉइस्टर्स या संग्रहालयाच्या भिंतींवर लोकर आणि रेशमाच्या धाग्यांनी विणलेले सात भव्य चित्रमय पट टांगलेले आहेत. ते १४९५ ते १५०५ च्या सुमारास विणले गेले असे मानले जाते, आणि त्यांतील बहुतेकांवर एका शिकारीचे प्रसंग आहेत: भाले रोखलेले शिकारी, त्यांचे कुत्रे आणि या गराड्यात सापडलेला एक पांढरा, एकशिंगी प्राणी. या प्राण्याकडे नीट निरखून पाहायला हवे, कारण हा घोडा नाही. त्याच्या हनुवटीखाली बोकडासारखी दाढी आहे, त्याचे खूर दुभंगलेले आहेत, आणि एका पटात तर तो अंगावर आलेल्या कुत्र्याला शिंगाने भोसकताना दिसतो.

मुलांच्या पुस्तकांत आज भेटणारा इंद्रधनुष्यी आयाळीचा, हसऱ्या डोळ्यांचा युनिकॉर्न याच प्राण्याचा वंशज आहे. या दोघांमध्ये एवढे अंतर कसे पडले, हे समजून घ्यायचे असेल तर त्याच्या प्रत्येक कथेला एक प्रश्न विचारावा लागतो: याला कोण पकडते, कशाच्या बळावर पकडते, आणि पकडणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते?

सर्वांत जुन्या वर्णनात पकडण्याची शक्यताच नाही. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास इराणच्या राजदरबारात वैद्य असलेल्या क्टेसियस या ग्रीक लेखकाने, स्वतः कधीही न पाहिलेल्या भारताविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने घोड्याएवढ्या, पांढऱ्या अंगाच्या, गडद तांबड्या डोक्याच्या आणि निळ्या डोळ्यांच्या रानगाढवांचे वर्णन केले. त्यांच्या कपाळावरचे शिंग मुळाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लालभडक असते, आणि त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विषबाधा होत नाही, असे तो सांगतो. पण या रंगीत तपशिलांपेक्षा मला त्याचे दुसरे एक विधान अधिक मोलाचे वाटते. पिलांना घेऊन चरायला निघालेले हे प्राणी घोडेस्वारांच्या वेढ्यात सापडले, तर पिलांना टाकून पळत नाहीत, लढत राहतात. म्हणून ते मारता येतात, परंतु जिवंत हाती लागत नाहीत. युनिकॉर्नच्या पुढच्या सगळ्या कथांचे बीज या एका वाक्यात आहे.

ख्रिस्ती धर्माच्या आरंभीच्या शतकांत ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘फिजिओलोगस’ या प्राणिकथांच्या संग्रहाने या अडचणीवर एक विलक्षण तोड काढली. तेथे युनिकॉर्न करडाएवढा लहान, पण अतिशय उग्र आहे. कोणत्याही शिकाऱ्याला तो जवळ येऊ देत नाही. मात्र एखाद्या कुमारिकेला त्याच्या वाटेवर बसवले, तर तो आपण होऊन तिच्या मांडीवर येतो आणि तेथेच तो सापडतो. मध्ययुगीन भाष्यकारांनी या प्रसंगाला ख्रिस्ताच्या अवताराचे रूपक मानले. रूपक बाजूला ठेवले, तरी कथेत एक अस्वस्थ करणारी गोष्ट उरतेच: ज्या विश्वासाने तो प्राणी जवळ येतो, तोच विश्वास त्याला पकडण्याचे साधन होतो. त्या मुलीला काय वाटले असेल, हे ती जुनी कथा सांगत नाही. विसाव्या शतकातील लेखकांनी नेमके तेच विचारले.

त्याआधीचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील शूर शिंप्याच्या कथेत विश्वासाची जागा चलाखीने घेतली आहे: युनिकॉर्न धावून येताच शिंपी झाडामागे उडी घेतो आणि शिंग बुंध्यात रुतून बसते. त्याच्या कितीतरी आधी, प्रत्यक्ष जगात युनिकॉर्नची म्हणून विकली जाणारी लांब, पीळदार शिंगे ही नारव्हाल या उत्तरेकडील समुद्रातील सस्तन प्राण्याचे सुळे आहेत, हे डॅनिश वैद्य ओले वर्म याने १६३८ मध्ये दाखवून दिले होते. प्राणी कल्पित ठरत गेला, तरी शिंगाचा पीळ चित्रांत टिकला. आजही चित्रकार युनिकॉर्नच्या कपाळावर जे काढतो, ते या सुळ्याचेच रूप आहे.

बालसाहित्यातील खरे वळण १८७१ मध्ये आले. लुईस कॅरल यांच्या आरशापलीकडच्या जगात ॲलिसला युनिकॉर्न भेटतो, आणि दंतकथेतला प्राणी म्हणून तोच तिच्याकडे आश्चर्याने पाहतो, कारण मुले खरोखर असतात यावर त्याचा आजवर विश्वास नव्हता. मग दोघांत करार होतो की, तू मला खरे मान, मी तुला खरी मानतो. या इवल्याशा प्रसंगात कोणी कोणाला पकडत नाही. मूल आणि युनिकॉर्न प्रथमच बरोबरीने समोरासमोर उभे राहतात, आणि दोघांचेही अस्तित्व दुसऱ्याच्या विश्वासावर अवलंबून असल्याचे मान्य करतात.

कुमारिकेच्या मांडीची जुनी कथा मात्र संपलेली नव्हती. ॲलन गार्नर यांच्या १९६५ च्या ‘एलिडोर’ या कादंबरीत फिंडहॉर्न नावाचा युनिकॉर्न एलिडोर या दुसऱ्या जगातून मँचेस्टर शहरात येतो. पडझड झालेल्या घरांच्या ओसाड वस्तीत, भाले घेतलेली माणसे त्याच्या मागावर असताना, तो हेलन या मुलीच्या मांडीवर डोके टेकतो. एलिडोरचा अंधार दूर व्हायचा असेल तर फिंडहॉर्नने गायलेच पाहिजे, आणि तो गातो ते मरताना. गार्नर यांनी जुन्या कथेचा प्रत्येक घटक जपला आहे. फक्त मांडीवर डोके घेऊन बसलेली मुलगी आता मूक राहिलेली नाही, तिला दुःख आहे. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने इतका कठोर शेवट करावा, याबद्दल कोणाचे दुमत असू शकेल. माझ्या मते हा कठोरपणा म्हणजे मुलांविषयीचा आदर आहे, कारण एका जगाचा उजेड कोणाच्या प्राणांच्या मोलाने परत आला, हे लेखक त्यांच्यापासून लपवीत नाही.

तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, पीटर एस. बीगल यांची ‘द लास्ट युनिकॉर्न’ ही कादंबरी प्रकाशित झाली, आणि येथे थोडे अधिक थांबले पाहिजे. बीगल आरंभीच बजावतात की त्यांची युनिकॉर्न शिंग लावलेल्या घोड्यासारखी दिसत नाही. ती लहानखुरी आहे आणि तिचे खूर दुभंगलेले आहेत. आपल्या जातीतील आपण शेवटचे उरलो आहोत, असे तिच्या कानी येते, आणि बाकीच्यांच्या शोधात ती आपले अरण्य सोडते. वाटेत माणसे तिला पाहतात, परंतु त्यांना दिसते ती एक पांढरी घोडी. एक फिरस्ती चेटकीण तिला पिंजऱ्यात टाकते आणि लोकांना खरे शिंग दिसत नाही म्हणून त्यावर मायेचे खोटे शिंग चढवते. खरी वस्तू ओळखता यावी यासाठी तिच्यावर तिचीच नक्कल लावावी लागावी, यापेक्षा खोल शोकांतिका युनिकॉर्नच्या वाट्याला दुसऱ्या कोणत्याही कथेत आलेली नाही.

या कादंबरीतील मॉली ग्रू ही मध्यमवयाची, लुटारूंच्या टोळीत राबून थकलेली बाई आहे. तिच्यापुढे युनिकॉर्न उभी राहते तेव्हा ती हरखून जात नाही, संतापते. मी तरुण होते, तुझ्या येण्याची वाट पाहत होते तेव्हा तू कोठे होतीस, आणि आज, मी अशी झाल्यावर, का आलीस, अशा अर्थाचा तिचा प्रश्न आहे. मांडीवर येणाऱ्या युनिकॉर्नच्या शेकडो वर्षांच्या कथेत जिच्याकडे युनिकॉर्न कधीच आला नाही, अशा स्त्रीला बीगल यांनी आवाज दिला. बारा-तेरा वर्षांचा वाचक ही कादंबरी सहज वाचू शकतो. मॉलीचा राग पुरता उमगायला मात्र आणखी बराच काळ जावा लागतो.

१९९७ मध्ये जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या हॅरी पॉटर कादंबरीत पकडण्याची किंमत अगदी उघडपणे सांगितली गेली. युनिकॉर्नचे चंदेरी रक्त मरणाच्या दारातील माणसालाही वाचवते. परंतु अशा निरागस जिवाला मारून मिळवलेले आयुष्य शापित आणि अर्धवट असते.

लहानग्यांच्या चित्रपुस्तकांत यांपैकी काहीच उरले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. १९८० च्या दशकापासून खेळण्यांतून आणि चित्रमालिकांतून युनिकॉर्न मवाळ होत गेला, हे खरे आहे. पण चांगल्या चित्रपुस्तकांत एक नवी गोष्टही घडली. ॲरन ब्लेबी यांच्या २०१५ च्या पुस्तकातील थेल्मा ही साधी तट्टाणी नाकावर गाजर बांधून युनिकॉर्न होते, प्रसिद्धी मिळवते आणि तिला कंटाळून पुन्हा आपल्या मित्राकडे परतते. जेसी सिमा यांच्या २०१७ च्या पुस्तकातील केल्प हा युनिकॉर्न तर समुद्रात नारव्हालांमध्ये वाढतो, जमिनीवर आपल्यासारखे दिसणारे प्राणी पाहून थक्क होतो, आणि दोन्ही कुटुंबांपैकी एकाचीच निवड करण्याची गरज नाही, हे त्याला कळते. येथे मुलाने युनिकॉर्नला शोधायचे नसते, कारण मूल स्वतःच युनिकॉर्नच्या जागी असते. चार वर्षांच्या वाचकासाठी हा बदल योग्यच आहे. आपण कोण आहोत, हा प्रश्न त्या वयात कोणत्याही शिकारीपेक्षा मोठा असतो.

त्यापुढच्या वयाच्या वाचकांसाठी मात्र उग्र युनिकॉर्न परत आलेला आहे. ए. एफ. स्टेडमन यांच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या, स्कँडर या मुलाच्या कादंबऱ्यांत युनिकॉर्न अंड्यातून जन्मतात, मांस खातात आणि रक्ताला चटावलेले असतात. तेरा वर्षांच्या ज्या मुलाच्या हातून अंडे उबवले जाते, त्याच्याशी त्या युनिकॉर्नचे आयुष्यभराचे बंधन जुळते, आणि ज्या अंड्यांना आपला स्वार भेटत नाही, त्यांतून निघणारे युनिकॉर्न रानटीच राहतात. क्टेसियसने वर्णिलेले प्राणी आपल्या पिलांसाठी लढत होते. या कादंबऱ्यांतील युनिकॉर्न आपल्या पाठीवर बसलेल्या मुलासाठी लढतो, आणि त्याच्यावर स्वार होणाऱ्या मुलाला त्याची भीतीही वाटत राहते.