ठोसा पचवला गेल्यावर: उगवत्या हेवीवेट बॉक्सरची पारख

एखाद्या तरुण हेवीवेटची, म्हणजे सगळ्यात जड वजनगटातल्या बॉक्सरची, ओळख करून देताना निवेदक आधी आकडा सांगतो. पंधरा लढती, पंधरा विजय, चौदा नॉकआउट. हेवीवेटमध्ये हा आकडा जितका फसवतो, तितका दुसऱ्या कुठल्याही गटात फसवत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये या गटाची खालची मर्यादा २०० पौंड, म्हणजे साधारण ९०.७ किलो. वरची मर्यादाच नाही. एकशेदहा किलोच्या माणसाचा ठोसा अर्धवट बसला तरी समोरचा खाली जातो. चुकीच्या तंत्राने मारलेला ठोसाही लढत जिंकून देतो, मग ती चूक सुधारायची गरज कुणालाच वाटत नाही. वेल्टरवेटचा, म्हणजे बऱ्याच हलक्या गटाचा मुलगा हीच चूक घेऊन चौथ्या-पाचव्या लढतीत अडकला असता. हेवीवेट तिच्यासकट पंचवीस लढती जिंकतो.

म्हणून पारख करताना एकच क्षण शोधायचा. याचा सगळ्यात चांगला ठोसा समोरच्याने पचवला, तो तसाच उभा राहिला, तर आपला गडी पुढे काय करतो?

माइक टायसनच्या पहिल्या एकोणीसही लढती नॉकआउटने संपल्या होत्या. मे १९८६मध्ये जेम्स टिलिसने त्याच्यासमोर पूर्ण दहा फेऱ्या काढल्या आणि टायसन गुणांवर जिंकला. काही लोकांना ती निराशा वाटली. पारख करणाऱ्यासाठी मात्र आधीच्या एकोणीस लढतींपेक्षा ही एक मोलाची, कारण ठोसे कामी येत नसतानाही हा मुलगा दहा फेऱ्या मोडला नाही, हे पहिल्यांदाच दिसलं. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला, वयाच्या विसाव्या वर्षी तो जगज्जेता झाला. उलट बाजूला ड्वेन बॉबिक बघा. ३८ विजय, एकही हार नाही, आणि १९७७ साली केन नॉर्टनने त्याला ५८ सेकंदांत संपवलं.

तेव्हा आकडा वाचायचा कसा? आपल्या मुलाचा बाजूला ठेवा, प्रतिस्पर्ध्याचा उघडा. त्याच्या शेवटच्या पाच-सहा लढती पाहा. तो आधी हरला तो गुणांवर की नॉकआउटने? दहा वेळा हरलेला पण कधीच न पडलेला माणूस तिसऱ्या फेरीत पडला, तर ती बातमी आहे. आधीच सहा वेळा पडलेला सातव्यांदा पडला, तर काहीच कळलं नाही. किती महिन्यांनी रिंगमध्ये उतरला? वजन नेहमीपेक्षा आठ-दहा किलो जास्त आहे का? लढत आठवडाभर आधी स्वीकारली होती का? हे चार प्रश्न विचारले की बऱ्याच नाबाद आकड्यांचं वजन उतरतं. आणखी एक हिशोब करा: एकूण फेऱ्या मोजा. पंधरा लढतींत मिळून तीस फेऱ्या झाल्या असतील, तर तो अजून नवशिकाच आहे, पोस्टरवर काहीही छापलेलं असो.

हरण्यासाठी बोलावलेल्या अनुभवी गड्यांना मात्र टाकाऊ समजू नका. न पडता वेळ काढणं हे त्यांचं कसब असतं. कोपरं बरगड्यांना चिकटवायची, दोन ठोसे आले की मिठी मारायची, मानेवर भार टाकायचा, रेफरीने सोडवेपर्यंत सोडायचं नाही. अशा माणसावर नुसता जोर चालत नाही. आपला गडी पोटावर मारून त्याची कोपरं खाली आणतो का, मिठीतला मोकळा हात वापरतो का, की वैतागून डोक्यावरच भलेमोठे हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेले ठोसे, फेकत बसतो, ते बघा.

आता चित्रफितीकडे येऊ. आवाज बंद करून पाहा. प्रेक्षकांची गर्जना आणि समालोचकाचा उत्साह गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर, बसलेल्या ठोशालाही नॉकआउटसारखं भासवतात. पहिल्या वेळी फक्त पाय पाहा. ऑर्थोडॉक्स, म्हणजे डावा पाय पुढे ठेवणारा बॉक्सर घेऊ. उजवा सरळ ठोसा मारल्यावर त्याचा मागचा पाय घसरत डाव्याच्या बरोबरीला येतो का? आला, तर छाती समोर उघडी पडते, तोल पंजांवर जातो आणि त्या क्षणी आलेला साधा डावा हुकही त्याला पाडू शकतो. ठोसा लागतो तोवर हा दोष झाकलेला असतो, म्हणून हुकलेले ठोसे थांबवून, मागे नेऊन पाहायचे.

दुसऱ्या वेळी फक्त डावा हात. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, ज्या रेषेत गेला त्याच रेषेत हनुवटीपाशी परत येतो का, की कमरेकडे लोंबत येतो? मॅक्स श्मेलिंगने जो लुईसच्या चित्रफिती पाहून नेमकं हेच हेरलं होतं. जॅबनंतर लुईसचा डावा हात खाली राहतो, आणि त्या फटीतून आपला उजवा जाऊ शकतो. १९ जून १९३६ रोजी तोपर्यंत नाबाद असलेल्या लुईसला त्याने बाराव्या फेरीत बाद केलं. पण लुईसची खरी गुणवत्ता नंतर दिसली. दोन वर्षांनी परतीच्या लढतीत त्याने श्मेलिंगला पहिल्याच फेरीत संपवलं. चूक होती की नव्हती एवढंच नोंदवू नका. ती पुढच्या तीन लढतींत कमी होतेय का, हेही नोंदवा.

उंच मुलांचा खास आजार म्हणजे सरळ रेषेत मागे झुकणं. साडेसहा फुटांच्या माणसाला सुरुवातीला ते पुरतं, कारण बुटक्या प्रतिस्पर्ध्याचा पहिला ठोसा पोचतच नाही. दुसरा आणि तिसरा पोचतो, आणि तोवर याची हनुवटी आकाशाकडे असते. एक पाऊल बाजूला टाकून निघणारा उंच मुलगा दिसला, तर त्याच्या नावापुढे खूण करा.

दमाचा अंदाज कागद-पेन्सिलीने घ्यायचा. पहिल्या फेरीतले जॅब मोजा, पाचवीतले मोजा. एक तृतीयांशाहून जास्त घसरण असेल, तर दम कमी तरी आहे, किंवा स्नायू दमापेक्षा वेगाने वाढवलेत. लढतीगणिक वजनाचे आकडे शेजारी लिहिले की दोन्हींत फरक करता येतो. थकवा आधी ओठांत दिसतो: माउथगार्ड चावलेला राहत नाही, तोंड उघडं पडतं. मग जॅब बंद होतो. पाय सगळ्यात शेवटी थांबतात.

हनुवटी, म्हणजे ठोसा सोसण्याची ताकद, ही सरावाने फारशी बदलत नाही. बदलतं ते लागल्यानंतरचं वागणं. शहाणा बॉक्सर पडला की एका गुडघ्यावर थांबतो, आठपर्यंत मोजू देतो, उठल्यावर पहिली मिठी मारतो. अननुभवी लगेच उडी मारून उठतो आणि अपमानाचा बदला घ्यायला जातो.

पहिल्या हारीवरून सुनावलेले निकाल बहुतेक वेळा चुकतात. व्लादिमिर क्लिच्को, १९९६चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, १९९८ साली रॉस प्युरिटीसमोर अकराव्या फेरीत अक्षरशः रिकामा झाला. पुढे २००३मध्ये कोरी सँडर्सने आणि २००४मध्ये लॅमन ब्रूस्टरने त्याला थांबवलं. तीन हारी, तिन्ही नॉकआउट. त्यानंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखाली त्याने जॅब आणि मिठी यांभोवती खेळ नव्याने रचला आणि २०१५पर्यंत तो हरला नाही. डॅनियल दुबुआ २०२०मध्ये जो जॉइससमोर डोळ्याची खोबण मोडल्यावर गुडघ्यावर बसला, तेव्हा त्याला भित्रा ठरवणारे कमी नव्हते. डिसेंबर २०२२मध्ये केव्हिन लरीनासमोर पहिल्याच फेरीत तीनदा खाली जाऊन तो तिसऱ्या फेरीत जिंकला, आणि सप्टेंबर २०२४मध्ये त्याने अँथनी जोशुआला पाचव्या फेरीत बाद केलं. खोबण मोडलेली असताना उठून राहणं हे धैर्य की मूर्खपणा, याचा निकाल खुर्चीत बसून देऊ नये. हार कशामुळे झाली ते लिहा: दम संपला, तंत्र फसलं, की इजा झाली. पहिली दोन दुरुस्त होऊ शकतात.

पदकांबद्दल थोडक्यात. हौशी लढत तीन फेऱ्यांची, जगज्जेतेपदाची बारा. ऑड्ली हॅरिसन २०००च्या सिडनी ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, जगज्जेता कधीच झाला नाही. लेनॉक्स लुईसही सुवर्णविजेता, तो झाला. पदकावरून पायाचं काम आणि अंतराची जाण कळते. डिओन्टे वाइल्डरसारखे विशीत बॉक्सिंग सुरू करणारेही या गटात असतात, म्हणून वयापेक्षा रिंगमधली वर्षं मोजावीत.

बॉक्सर घडतो किंवा बिघडतो तो मॅचमेकरच्या, म्हणजे कोणाशी कोणाची लढत लावायची ते ठरवणाऱ्याच्या टेबलावर. जेरी कूनीने १९८०मध्ये रॉन लाइलला आणि मे १९८१मध्ये नॉर्टनला पहिल्याच फेरीत उडवलं. नॉर्टनला तर ५४ सेकंद लागले, पण तो उतरणीला लागला होता. त्यानंतर कूनीला तेरा महिने एकही लढत दिली नाही, आणि जून १९८२मध्ये त्याला थेट जगज्जेत्या लॅरी होम्ससमोर उभं केलं, तेव्हाच्या पंधरा फेऱ्यांच्या लढतीत. तेराव्या फेरीत तो थांबला. ताकद खरी होती, धैर्यही होतं. मधली शाळाच त्याला मिळाली नाही: एक डावखुरा, एक उंच जॅब मारणारा, एक मिठी मारून दमवणारा आणि दहा फेऱ्या न पडणारा एक.

आजच्या मुलांत मोझेस इटाउमाला हीच मोजपट्टी लावून पाहा. डिसेंबर २००४चा जन्म, साउथपॉ, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून डावखुऱ्यासारखा लढणारा, जानेवारी २०२३मध्ये व्यावसायिक पदार्पण. ऑगस्ट २०२५मध्ये त्याने डिलियन व्हाइटला पहिल्याच फेरीत बाद केलं आणि आकडा १३-०, त्यांत ११ नॉकआउट असा झाला. हातांचा वेग आणि ठोशानंतर पायांची जागा, दोन्ही उत्तम. पण व्हाइटला त्याआधी जोशुआ, पोवेत्किन आणि फ्युरी या तिघांनी थांबवलेलं होतं, आणि इटाउमा तोवर सहा फेऱ्यांपलीकडे गेलेला नव्हता. त्या रात्रीच्या नोंदवहीत वेगाच्या रकान्यात पूर्ण गुण लिहावेत. सातव्या फेरीचा रकाना कोरा सोडावा.